इंटरप्रिटर सुरू व्हायलाच वेळ घेतो: पायथनचा स्टार्टअप कमी कसा करायचा?

करवीर_कोडर

नमस्कार मंडळी,

कागल तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत संकलनाचा हिशेब पायथनवर चालतो. तो मी सांभाळतो. रचना साधी आहे. काटा आणि फॅट मशीन सिरियल पोर्टवर जोडलेत. त्यांचं वाचन घेणारा एक जुना प्रोग्राम आहे, त्याचा सोर्स आमच्याकडे नाही. सभासदानं दूध ओतलं, फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आलं की तो प्रोग्राम माझी कमांड चालवतो. माझा कोड दरपत्रकातून दर काढतो, एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसमध्ये नोंद करतो, पावती छापतो आणि संपतो. पुढच्या सभासदाला पुन्हा पहिल्यापासून सगळं.

दर काढणं आणि नोंद करणं चुटकीसरशी होतं. वेळ जातो तो कमांड दिल्यापासून माझ्या कोडची पहिली कामाची ओळ चालेपर्यंत. मशीन जुनं आहे, हार्ड डिस्कचं, वर उबुंटू. एका पावतीमागं एक सेकंद जरी फुकट गेला तरी २०० सभासदांच्या रांगेत तीन मिनिटांवर वेळ जातो. पहाटे धार काढून आलेल्या माणसाला पुढं रानात जायचं असतं, कुणाला एमआयडीसीत पहिल्या पाळीला हजर व्हायचं असतं. टँकरही थांबत नाही.

‘गो’मध्ये लिही, ‘सी’मध्ये लिही, असा सल्ला मिळालाय. मला भाषा बदलायची नाही. सचिवांचा मुलगा पायथन शिकलाय, दरपत्रक बदललं की तो स्वतः कोड उघडून बघतो, शंका विचारतो. संस्थेचा हिशेब संस्थेतल्याच माणसाला वाचता येणं ही गोष्ट माझ्या दृष्टीनं फार मोलाची आहे. म्हणून पायथन मंद आहे असं म्हणून सोडून देण्याआधी, पहिल्या ओळीच्या आधी त्याचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, नक्की काय काय करतो ते नीट समजून घ्यायचंय. जाणकारांनी लिहावं.

शिरोलीकर

चांगला विषय काढलात. मी फौंड्रीतल्या मशीनवरचा डेटा गोळा करणाऱ्या स्क्रिप्ट सांभाळतो, तिथंही हाच प्रश्न होता. सविस्तर लिहितो.

एंटर दाबल्यावर आधी ऑपरेटिंग सिस्टीम नवी प्रोसेस उभी करते. डायनॅमिक लिंकर लागणाऱ्या लायब्ररी शोधून जोडतो. मग पायथनचा रनटाइम स्वतःला मांडतो: मेमरीची व्यवस्था, मूळ टाइप, इम्पोर्टची (दुसऱ्या फाइलीतला कोड, म्हणजे मॉड्यूल, आणायची) यंत्रणा, मजकुराच्या एन्कोडिंगचे मॉड्यूल. त्यानंतर ‘साइट’ नावाचं मॉड्यूल चालतं. ते साइट-पॅकेजेसचे (बाहेरची पॅकेज बसतात ते) फोल्डर पाथमध्ये, म्हणजे मॉड्यूल शोधायच्या जागांच्या यादीत, घालतं आणि तिथल्या ‘पीटीएच’ फाइली वाचतं. या फाइलीत ‘इम्पोर्ट’नं सुरू होणारी ओळ असेल तर ती तिथल्या तिथं चालवली जाते. म्हणजे कधीकाळी बसवलेलं एखादं पॅकेज तुमच्या प्रत्येक पावतीला स्वतःचा कोड चालवत असू शकतं, आणि तुम्ही ते आपल्या प्रोग्राममध्ये वापरतही नसाल.

एवढं झाल्यावर तुमची स्क्रिप्ट उघडते. आता महत्त्वाचं. इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलचा बाइटकोड (कंपाइल होऊन तयार झालेला कोड) ‘पायकॅश’ फोल्डरमध्ये ‘पीवायसी’ फाइल म्हणून साठतो, पण थेट चालवलेल्या मुख्य स्क्रिप्टचा साठत नाही. ती दर वेळी नव्यानं कंपाइल होते. हजार ओळींची मुख्य स्क्रिप्ट असेल तर तो खर्च प्रत्येक सभासदामागं. उपाय सोपा आहे. सगळा कोड एका मॉड्यूलमध्ये हलवा, मुख्य स्क्रिप्टमध्ये इम्पोर्ट आणि मेन फंक्शनची हाक एवढंच ठेवा.

आणि एक तपासा: ‘पायकॅश’ खरंच तयार होतंय का? प्रोग्राम रूटच्या (मशीनच्या प्रशासकाच्या) मालकीच्या फोल्डरमध्ये आणि चालवणारा युजर वेगळा असेल तर पायथनला तिथं लिहिता येत नाही. तो काही तक्रार करत नाही, गुपचूप दर वेळी सगळी मॉड्यूल कंपाइल करत बसतो.

पायथन स्वतः, काही जास्तीचं इम्पोर्ट न करता, आजच्या बऱ्या मशीनवर काही दहा-वीस मिलिसेकंदांत उभा राहतो. त्यामुळे तुमच्याकडं सेकंदाची भाषा असेल तर दोष बहुतेक इंटरप्रिटरचा नाही, त्याच्यावर लादलेल्या ओझ्याचा आहे.

आठवी_गल्ली

शिरोलीकरांशी सहमत, पण मूळ प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे. जो प्रोग्राम दर मिनिटाला सुरू होऊन संपतो, त्याला इंटरप्रिटर असलेली भाषा निवडायचीच कशाला? गोची एक बायनरी टाका, विषय संपला. अगदी स्क्रिप्टच हवी असेल तर ‘लुआ’ आहे. तिचा इंटरप्रिटर इतका लहान आहे की सुरू व्हायला काही लागतच नाही.

करवीर_कोडर

दादा, तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे. पण मी उद्या पुण्याला गेलो तर गोचा कोड गावात कोण उघडणार? आत्तापर्यंत या संस्थेनं तेच भोगलंय. काटा वाचणारा प्रोग्राम बघा, सोर्स नाही, करणारा माणूस सापडत नाही, म्हणून तर दर पावतीला बाहेरची कमांड चालवायची ही पद्धत बदलता येत नाही. दुसरं तसंच कुलूप मला लावायचं नाही.

शिरोलीकर, तुमचा अंदाज खरा ठरला. फोल्डर रूटच्या मालकीचा आहे, ‘पायकॅश’ कुठंच नाही. आज संध्याकाळचं संकलन झाल्यावर बघतो.

शिरोलीकर

फोल्डरची मालकी बदलू नका, हिशेबाच्या मशीनवर ते बरं नव्हे. रूट म्हणून एकदा ‘कंपाइलऑल’ मॉड्यूल त्या फोल्डरवर चालवा. सगळ्या पीवायसी तयार होतील. कोड बदलला की पुन्हा चालवायचं. पीवायसीमध्ये सोर्स फाइलची वेळ आणि आकार नोंदलेला असतो, तो जुळला नाही तर पायथन जुनी पीवायसी वापरत नाही, त्यामुळे चुकीचा दर लागायची भीती नाही.

कळंबा_तलाव

मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. पायथन ३.७ पासून एक सोय आहे: ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ हा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवा. प्रत्येक मॉड्यूलला स्वतःला किती मायक्रोसेकंद लागले आणि त्यानं ओढून आणलेल्या मॉड्यूलसकट किती लागले, असे दोन रकाने येतात. कोण कुणाला ओढून आणतंय ते ओळीच्या आत सरकण्यावरून कळतं.

वाचताना एक सांभाळा. दोन मॉड्यूलना तिसरं एकच लागत असेल, तर त्याचा सगळा खर्च जो पहिल्यांदा मागेल त्याच्या नावावर पडतो. त्यामुळे यादीत मोठा आकडा दिसला म्हणून ते मॉड्यूल काढलं, आणि एकूण वेळ तेवढाच राहिला, असं होतं. खर्च दुसऱ्याच्या नावावर सरकलेला असतो.

एकूण वेळ मोजायला ‘हायपरफाइन’ हे साधन वापरा. ते कमांड अनेकदा चालवून सरासरी आणि फरक दाखवतं. मात्र लागोपाठ चालवल्यावर फाइली मेमरीतल्या पेज कॅशमध्ये (अलीकडं वाचलेल्या फाइलींच्या साठ्यात) असतात. पहाटे मशीन चालू केल्यावरची पहिली पावती वेगळी असते, तेव्हा सगळं डिस्कवरून येतं. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंदांहून जास्त, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. शंभर छोट्या फाइली विखुरलेल्या असतील तर तिथंच अर्ध्या सेकंदाच्या वर जातो. त्यात मशीनची मेमरी कमी असेल, शेजारी ब्राउझर उघडा असेल, तर कॅशमधल्या फाइली दिवसभरात पुन्हा पुन्हा बाहेर पडतात. करवीर, तुमच्या मशीनला साधी एसएसडी बसली तर कोडला हात न लावता बराच फरक पडेल. संस्थेच्या खर्चात न बसण्यासारखी ती गोष्ट नाही.

करवीर_कोडर

इम्पोर्टटाइमची यादी काढली. सगळ्यात वर पांडाज! दरपत्रक सीएसव्हीत आहे, ते वाचायला कुणीतरी पांडाज ही मोठ्या तक्त्यांच्या विश्लेषणाची लायब्ररी लावलीय, तिच्यामागं आकडेमोडीचं नमपाय आणि तारखांची सगळी लायब्ररी येते. त्याखाली रिक्वेस्ट्स, इंटरनेटवर माहिती पाठवायचं पॅकेज, जे फक्त रात्री तालुक्याला अहवाल पाठवताना लागतं. आणि ‘पीकेजी-रिसोर्सेस’ नावाचं काहीतरी आहे, ते मी कुठंच इम्पोर्ट केलेलं नाही. ते कुठून येतं?

कळंबा_तलाव

ते तुमची कमांड जशी बसवली गेली त्यातून येतं. जुन्या सेटअपटूल्सनं (पॅकेज बांधायच्या साधनानं) तयार केलेली कमांडची छोटी स्क्रिप्ट आधी पीकेजी-रिसोर्सेस इम्पोर्ट करायची. ते मशीनवर बसवलेल्या सगळ्या पॅकेजची माहिती धुंडाळतं, आवृत्त्या जुळतात का बघतं, आणि मग तुमचं मेन फंक्शन बोलावतं. जितकी पॅकेज जास्त तितका उशीर. आजच्या पिपनं (पॅकेज बसवायच्या साधनानं) पुन्हा बसवलं तर साधी दोन-चार ओळींची स्क्रिप्ट तयार होते, किंवा शिरोलीकर म्हणाले तशी हातानंच लिहा.

पांडाज काढून टाका. दरपत्रक म्हणजे एका बाजूला फॅट, दुसऱ्या बाजूला एसएनएफ, असा तक्ता. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या घरात बोट ठेवून दर वाचायचा, एवढंच काम. पण सीएसव्ही मॉड्यूलसुद्धा पावतीमागं लावू नका. अख्खा तक्ता वाचून एकच घर बघायचं, हे दर वेळी कशासाठी? दरपत्रक आलं की एकदाच एसक्यूलाइटच्या टेबलमध्ये भरा. पावतीला एक ओळ मागा.

गडहिंग्लज_एक्स्प्रेस

मी असंच एका ठिकाणी केलंय. मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर काय काय चालतं तेही बघा. तिथं लिहिलेले रेगेक्स (मजकुरात नमुना शोधायचे साचे) दर स्टार्टअपला नव्यानं तयार होतात, ते पीवायसीत साठत नाहीत. सेटिंगची फाइल वाचणं, लॉगची फाइल उघडणं, प्रिंटर शोधणं, हे सगळं इम्पोर्ट होतानाच घडत असतं. ते फंक्शनच्या आत हलवा, गरज पडेल तेव्हाच चालेल.

आठवी_गल्ली

हे सगळं वाचून एक विचारतो. हे काम भाषा घडवणाऱ्यांनी का केलं नाही? प्रत्येक प्रोग्रामरनं आपापल्या इम्पोर्टची झाडाझडती का घ्यायची?

कळंबा_तलाव

दादा, केलंय की. आणि मला वाटतं या कामाची दखल लोक पुरेशी घेत नाहीत, म्हणून जरा लांबण लावते.

पायथन ३.७ मध्ये नेमडटपल आणि ॲबस्ट्रॅक्ट क्लास या मूळ सोयींची यंत्रणा हलकी केली. तेव्हा लिनक्सवर स्टार्टअप १० टक्के आणि मॅकवर ३० टक्क्यांपर्यंत कमी झाला. २०२२ च्या ३.११ मध्ये सुरुवातीला लागणारी मूळ मॉड्यूल इंटरप्रिटरच्या बायनरीतच गोठवून ठेवली. आधी काय व्हायचं? पायकॅशमधली फाइल वाचा, त्यातला बाइटकोड उलगडा, मेमरीत कोड ऑब्जेक्ट बनवा, मग चालवा. ३.११ नं हे ऑब्जेक्ट आधीच तयार स्वरूपात बायनरीत ठेवले, म्हणजे थेट चालवायचे. त्यातून स्टार्टअप १० ते १५ टक्के कमी झाला. ३.१३ मध्ये टायपिंग मॉड्यूलचा इम्पोर्ट साधारण एक तृतीयांशानं घटला, कारण त्याच्या मागून येणारं रेगेक्सचं ‘आरई’ मॉड्यूल तोडलं. तुम्ही पांडाज काढताय तेच काम, तिथं मूळ लायब्ररीत चाललंय.

आणि ही कल्पना पायथनपुरती नाही. इमॅक्स हा एडिटर सुरू होताना लिस्प भाषेतला प्रचंड कोड लागतो. तो एकदा चढवून अख्ख्या मेमरीचं चित्र फाइलमध्ये उतरवायचं ही त्यांची फार जुनी पद्धत. २०२० च्या इमॅक्स २७ मध्ये त्यासाठी नवा पोर्टेबल डंपर आला. जावात क्लासचा सामायिक संग्रह असतो, जेडीके १२ पासून तो तयारच मिळतो. क्रोममधलं व्ही-८ इंजिन स्नॅपशॉटवरून (मेमरीच्या आधीच साठवलेल्या चित्रावरून) उठतं. अँड्रॉइडवर ‘झायगोट’ नावाची प्रोसेस सगळी मूळ लायब्ररी चढवून तयार बसलेली असते, नवं ॲप उघडलं की तिचीच प्रत निघते. प्रत्येक ठिकाणी सूत्र एकच: दर वेळी तेच उत्तर येणारं काम दर वेळी करू नका, एकदा करून ठेवा.

मग पायथनचा अख्खा स्नॅपशॉट का नाही? कारण अवघड आहे. स्ट्रिंगचा हॅश (डिक्शनरीत जागा ठरवायला मजकुरावरून काढलेला आकडा) प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळा असतो. ३.३ पासून सुरक्षेसाठी तो मुद्दाम बदलता ठेवलाय. त्यामुळे साठवलेल्या डिक्शनऱ्या उठल्यावर पुन्हा मांडाव्या लागतील. मेमरीतले पत्ते दर वेळी बदलतात. आणि सीमध्ये लिहिलेली मॉड्यूल स्वतःकडे काय राखून ठेवतात, उघडी फाइल, लॉक, पॉइंटर, ते इंटरप्रिटरला माहीतच नसतं. ते जसंच्या तसं गोठवून परत उठवायचं कसं?

गडहिंग्लज_एक्स्प्रेस

ताई, लेझी इम्पोर्टबद्दल लिहा ना. ३.१५ मध्ये येणार म्हणतात.

कळंबा_तलाव

हो. आधी एक प्रस्ताव होता, पेप ६९० (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव). त्यात एक स्विच टाकला की सगळेच इम्पोर्ट आळशी होणार होते. २०२२ मध्ये तो नाकारला गेला. भाषेचे दोन भाग पडतील, लायब्ररी लिहिणाऱ्याला दोन्ही पद्धती सांभाळाव्या लागतील, ही काळजी होती. नंतरचा पेप ८१० मात्र २०२५ मध्ये ३.१५ साठी मंजूर झाला. यात ‘लेझी’ हा शब्द इम्पोर्टच्या आधी तुम्ही स्वतः लिहायचा. ज्या ओळीला लिहाल तेवढंच मॉड्यूल पहिल्या वापरापर्यंत थांबेल. मला हा मार्ग जास्त पटतो. वाचणाऱ्याला कोडमध्येच दिसतं की काय लांबणीवर टाकलंय.

तोवर फंक्शनच्या आत इम्पोर्ट लिहा. करवीर, तुमचं रिक्वेस्ट्स अहवालाच्या फंक्शनमध्ये गेलं की पावतीच्या वाटेतून हटलं.

शिरोलीकर

इथं एक इशारा द्यावासा वाटतो. लांबणीवर टाकलेल्या इम्पोर्टची चूकही लांबणीवर जाते. मॉड्यूल मशीनवर नसेल तर आधी सुरुवातीलाच कळायचं, आता ते रात्री अहवाल पाठवताना कळेल. म्हणून एक छोटी तपासणीची कमांड ठेवा, ती सगळं मुद्दाम इम्पोर्ट करून बघेल. पहाटे संकलन सुरू व्हायच्या आधी एकदा चालवायची. दुधाच्या रांगेत एरर निघण्यापेक्षा हे बरं.

साठमारी

उशिरा आलो. पावतीचा प्रोग्राम बंदच का करायचा? तो चालूच ठेवा. युनिक्स सॉकेटवर (एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्राममधल्या संवादाच्या वाटेवर) ऐकत बसेल, जुना प्रोग्राम जी कमांड चालवतो ती फक्त आकडे सॉकेटवर टाकेल आणि उत्तर आलं की संपेल. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या मर्क्युरियलवाल्यांनी हेच केलं. त्यांचं ‘एचजी’ पायथनमध्ये, म्हणून कमांड सुरू व्हायला वेळ लागायचा. त्यांनी ‘सीएचजी’ नावाचा सीमधला छोटा क्लायंट लिहिला. मागं पायथनचा सर्व्हर तयार असतो, कमांड आली की तो फोर्क होऊन, म्हणजे स्वतःची प्रत काढून, काम करतो.

करवीर_कोडर

कल्पना आवडली, पण दोन शंका. क्लायंट कशात लिहू? तोही पायथनमध्ये लिहिला तर स्टार्टअप पुन्हा आलाच. आणि गावात वीज जाते. सर्व्हर पडला तर रांगेसमोर सचिवांनी काय करायचं?

साठमारी

क्लायंट शेलमध्ये ‘एनसी’ ही सॉकेटवर मजकूर पाठवणारी कमांड वापरून एका ओळीत होतो. पायथनच हवा असेल तर ‘-आय’ आणि ‘-एस’ दोन्ही मोठ्या अक्षरात द्या. पहिल्यानं पायथनची एन्व्हायर्नमेंट आणि युजरचा स्वतःचा पॅकेज फोल्डर दुर्लक्षिला जातो, दुसऱ्यानं साइट मॉड्यूलच चालत नाही, म्हणजे पीटीएच फाइलीही नाहीत. बाहेरची पॅकेज मग मिळत नाहीत, पण क्लायंटला ती लागत नाहीत.

वीज गेल्यावरचं सिस्टीमडीवर, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू ठेवणाऱ्या यंत्रणेवर, सोपवा. सर्व्हरचं युनिट (त्याची सेटिंग फाइल) ‘एनेबल’ केलं की मशीन उठल्यावर, आणि त्यात रीस्टार्ट ‘ऑलवेज’ लिहिलं की सर्व्हर पडल्यावर, तो आपोआप उभा राहतो. नोंद एसक्यूलाइटच्या ट्रान्झॅक्शनमध्ये करा. वीज मध्येच गेली तर नोंद पूर्ण झालेली असेल किंवा अजिबात नसेल, अर्धवट राहणार नाही. कमिट झाल्याशिवाय, म्हणजे नोंद पक्की झाल्याशिवाय, पावती छापू नका.

शिरोलीकर

साठमारींचा उपाय सगळ्यात वेगवान आहे यात वाद नाही. तरी करवीरना माझं सांगणं, तो शेवटचा ठेवा. सतत चालणाऱ्या प्रोसेसमध्ये जुनी माहिती साचते. दरपत्रक बदललं, पण सर्व्हरच्या मेमरीत कालचंच आहे, हा प्रकार दूध संस्थेत फार महागात पडेल. दहा दिवसांच्या बिलात तो फरक निघाला की सचिवांना दारोदार फिरून समजवावं लागेल. सुरू होऊन संपणारा प्रोग्राम दर वेळी कोऱ्या पाटीनं येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. आधी ओझं उतरवा, मोजा, मग गरज वाटली तर सर्व्हर.

आठवी_गल्ली

हे पटलं. गोचा हट्ट मी मागं घेतो, निदान या कामापुरता.

करवीर_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार. केलेलं लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल.

कंपाइलऑल चालवलं. मुख्य स्क्रिप्ट दोन ओळींची केली, बाकी सगळं मॉड्यूलमध्ये. पांडाज गेलं, दरपत्रक टेबलमध्ये आलं. ते भरायची कमांड सचिवांच्या मुलानं लिहिली, तपासणीही त्याचीच: भरलेला तक्ता पुन्हा छापून कागदाशी ताडून बघतो. रिक्वेस्ट्स अहवालाच्या फंक्शनमध्ये गेलं. एका जुन्या पॅकेजची पीटीएच फाइल सापडली, पॅकेजसकट काढली. सगळ्यात मोठा फरक पांडाज काढल्यानं पडला, त्याखालोखाल पीवायसीचा. आता पावती थर्मल प्रिंटरच्या वेगानं निघते, पायथन मधे जाणवत नाही. सर्व्हर केला नाही, शिरोलीकरांचं दरपत्रकाचं म्हणणं सचिवांनाही पटलं. एसएसडीचा विषय पुढच्या बैठकीत मांडणार आहेत.

एक राहिलं. शेजारच्या गावातल्या संस्थेत विंडोज आहे, त्यांनाही हेच हवंय. तिथं काही वेगळं बघावं लागेल का?

कळंबा_तलाव

लागेल. विंडोजवर नवी प्रोसेस उभी करणंच लिनक्सपेक्षा महाग आहे, आणि अँटिव्हायरस उघडणारी प्रत्येक फाइल तपासतो. त्यामुळे तिथं फाइलींची संख्या कमी करणं जास्त महत्त्वाचं. तुमची मॉड्यूल एका झिपमध्ये बांधून ती पाथमध्ये देता येते. पण झिपमधून इम्पोर्ट करताना पायथन नवी पीवायसी लिहीत नाही, म्हणून आधी कंपाइल करून पीवायसीच झिपमध्ये घाला. ती पीवायसी ज्या आवृत्तीच्या पायथननं बनवली त्याच आवृत्तीवर चालते, तेव्हा त्यांच्या मशीनवर कुठलं पायथन आहे ते आधी विचारून घ्या.

करवीर_कोडर

विचारतो. इम्पोर्टटाइमची त्यांची यादी मिळाली की याच धाग्यावर टाकेन.